हॉस्टेल कसं शोधायचं आणि फॉर्म कधी भरायचा (बारावीनंतर घर सोडून निघालेल्यांसाठी)

जून-जुलै आला की माझा फोन सुरू होतो. गावाकडच्या कुणाच्या ना कुणाच्या पोराचा नाहीतर पोरीचा पुण्यात नंबर लागलेला असतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "ताई, अ‍ॅडमिशन झालं बरं का, आता तेवढं राहायचं बघायचंय." हे "तेवढं" ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

माझंच सांगते. उदगीरहून पुण्यात इंजिनिअरिंगला आले, पहिल्याच राउंडला नंबर लागला, पेढे वाटून झाले, फी भरून झाली आणि मग अण्णा म्हणाले चला आता हॉस्टेलचं बघू. कॉलेजच्या ऑफिसमधल्या बाईंनी वर न बघता काचेवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. फॉर्मची शेवटची तारीख कालची. आणि आम्ही परवा दिवसभर तिथेच होतो हो, फी भरायच्या रांगेत, त्या कागदापासून दहा पावलांवर! कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. अण्णांनी खूप विनवण्या केल्या, उपयोग शून्य. मग पहिलं वर्ष मी एका पेठेतल्या जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर काढलं, सहा मुली, एक बाथरूम आणि खालच्या मजल्यावर मालकीणबाई ज्यांना आमच्या चपलांचा आवाज सहन होत नसे.

तर पहिली गोष्ट ही की हॉस्टेलचं अ‍ॅडमिशन हे वेगळं अ‍ॅडमिशन आहे. त्याचा फॉर्म वेगळा, तारखा वेगळ्या, मेरिट लिस्ट वेगळी, फी वेगळी. कॉलेजला नंबर लागला म्हणजे हॉस्टेल मिळालं असं नाही. पवईच्या आयआयटीसारख्या निवासी संस्थेत हा प्रश्न फारसा येत नाही, पण पुण्या-मुंबईतल्या बहुतेक कॉलेजांत बाहेरगावची मुलं जास्त आणि खोल्या कमी असतात, सरकारी कॉलेज असलं तरी.

म्हणून सुरुवात ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी करायची. कॅप राउंडसाठी (म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांसाठी) कॉलेजांचा प्रेफरन्स लावताना आपण कटऑफ बघतो, प्लेसमेंट बघतो, कुणीतरी सांगितलेलं "वातावरण" बघतो, त्यातच एक रकाना हॉस्टेलचा करा. वहीत केला तरी चालेल. प्रत्येक कॉलेजसमोर लिहा, हॉस्टेल आहे का, पहिल्या वर्षाला किती जागा, मुलींना किती, कॅम्पसमध्ये आहे की तीन किलोमीटरवर, वर्षाची फी किती, मेस सक्तीची आहे का, फॉर्म कधी निघतो. वेबसाइटवर अर्धं मिळेल आणि तेही कदाचित तीन वर्षं जुनं. बाकीचं रेक्टरच्या, म्हणजे हॉस्टेलप्रमुखाच्या, ऑफिसला फोन करून आणि त्याहून चांगलं म्हणजे तिथे सध्या सेकंड इयरला असलेल्या कुणालातरी विचारून. तुमच्या ज्युनिअर कॉलेजचं नाहीतर तालुक्याचं कुणीतरी तिथे असतंच, मागच्या वर्षीच्या सरांना विचारा, ते नंबर देतात. सेकंड इयरचंच पोर का, तर त्याला फॉर्म भरून वर्षच झालेलं असतं, सगळं आठवत असतं. फायनल इयरवाला म्हणतो "अरे मिळून जातं रे", त्याच्यावर जाऊ नका.

हा रकाना भरला की कधीकधी प्रेफरन्सच बदलतो. माझ्या पुतणीच्या वेळी दोन कॉलेजं अगदी तोडीस तोड होती, एक शहराच्या मध्यात पण हॉस्टेलला पहिल्या वर्षाला जवळजवळ जागाच नाही, दुसरं जरा बाहेर पण पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलींना खोली. आम्ही दुसरं वर लावलं. काही नातेवाईकांना हे पटलं नाही, "ब्रँड" वगैरे म्हणाले, पण रोज दोन बस बदलून येणारं पोर संध्याकाळी सातला काय अभ्यास करणार ते त्यांना कोण सांगणार.

आता राहायच्या जागा म्हणजे नेमक्या कुठल्या. कॉलेजचं स्वतःचं हॉस्टेल, ते पहिलं. दुसरं सरकारी वसतिगृह, म्हणजे समाजकल्याण खात्याची मागासवर्गीय मुलामुलींची वसतिगृहं आणि आदिवासी विकास विभागाची वेगळी. इथे राहणं, जेवण मोफत आणि वर थोडा निर्वाह भत्ता. यांचा फॉर्म कॉलेजात मिळत नाही, शासनाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरावा लागतो आणि त्याची शेवटची तारीख तुमच्या कॉलेजच्या तारखेशी जुळत नाही. हे मुद्दाम सांगते कारण खूप मुलं कॉलेज हॉस्टेलची लिस्ट लागेपर्यंत थांबतात आणि तोवर सरकारीचा फॉर्म बंद झालेला असतो. दोन्ही भरा, लागेल ते घ्या.

तिसरा प्रकार संस्था, ट्रस्ट आणि समाजाची बोर्डिंगं. यांची आठवण आजकाल कुणाला होत नाही पण महाराष्ट्रात शिकायला बाहेर पडलेल्या पोराला छप्पर द्यायची सुरुवात यांनीच केली. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, दलित मुलांसाठी अशी बोर्डिंगं तिथे उभी राहिली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं बोर्डिंग काढलं आणि त्याला नाव शाहू महाराजांचंच दिलं. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती आहे, १९५५ पासून, डॉ. अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली, खेड्यापाड्यातल्या गरजू मुलामुलींसाठी. अशा ठिकाणी मुलाखत असते, घरची परिस्थिती बघतात, शिस्त कडक असते, काही ठिकाणी स्वतःचं काम स्वतः करावं लागतं. माझ्या मते पहिल्या वर्षाला याच्यासारखं दुसरं काही नाही, पण पोराला सकाळी उठायची ताकद पाहिजे. यांचे फॉर्म बऱ्याचदा आधीच निघतात, निकालाच्या आसपासच चौकशी करा. तुमच्या समाजाचं, जिल्ह्याचं एखादं बोर्डिंग त्या शहरात आहे का हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, गूगलला माहीत नसतं ते त्यांना असतं.

मग खाजगी हॉस्टेल, पीजी आणि शेवटी कॉट बेसिस. खाजगीचं फार सांगत नाही, पैसे टाकले की मिळतं, फक्त त्यांचे फोटो बघून अ‍ॅडव्हान्स पाठवू नका. कॉट बेसिस म्हणजे खोली नाही, खाट भाड्याने. तुमच्या खाटेच्या शेजारी उद्या कोण येणार ते मालक ठरवणार. करार नसतो, पावती नसते, मग कुठल्याही योजनेचा पैसा मिळत नाही. एखाद-दोन महिने नड भागवायला ठीक.

कागदपत्रांवर जरा जास्त थांबते कारण फॉर्म बाद होतात ते इथेच. लागतं काय, तर दहावी-बारावीचं मार्कलिस्ट, सीईटीचं स्कोअरकार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर, कॉलेजची फी भरल्याची पावती, आधार, टीसी, डोमिसाइल, जातीचा दाखला, असेल तर व्हॅलिडिटी आणि नॉन क्रिमिलेअर, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मेडिकल फिटनेस, पासपोर्ट फोटो (डझनभर काढा, खरंच), आई-वडिलांचा आणि लोकल गार्डियनचा फोटो आणि आधार. सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स आणि फोनमध्ये प्रत्येकाची वेगळी पीडीएफ, फाइलला नाव नीट द्या, नाहीतर सायबर कॅफेवाला "स्कॅन००१७" उघडून बघत बसतो आणि मागे वीस पोरं उभी.

उत्पन्नाच्या दाखल्यावर तारीख बघा. तो चालू आर्थिक वर्षात वैध आहे ना ते तपासा, मागच्या वर्षी शिष्यवृत्तीला काढलेला इथे चालेलच असं नाही. निकाल लागायच्या आधी, मे महिन्यात सेतू केंद्रात जाऊन काढून ठेवलात तर जूनची गर्दी वाचते.

मग नाव. आमच्या शेजारच्या पोराचं नाव आधारवर रुषिकेश, मार्कलिस्टवर ऋषिकेश आणि जातीच्या दाखल्यावर हृषीकेश. इंग्रजी स्पेलिंगही तीन तऱ्हेचं. तिघं वेगवेगळे विद्यार्थी आहेत असं कॉम्प्युटरला वाटलं आणि फॉर्म परत. शेवटी पळापळ करून आधार दुरुस्त केलं तेव्हा जमलं. बारावीचा निकाल लागायच्या आधी एक दिवस बसा, सगळे कागद जमिनीवर मांडा आणि नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख एकेक अक्षर लावून बघा. मुळात दहावीच्या मार्कलिस्टवर जे आहे ते प्रमाण धरायचं आणि बाकीचं त्याप्रमाणे करून घ्यायचं.

आणि हा एक सापळा आहे, यात हुशार लोकसुद्धा पडतात. मुलगा पुण्याला जाणार म्हणून बँकेच्या, सिमच्या सोयीसाठी आधारवरचा पत्ता बदलून पुण्यातल्या काकांचा टाकतात. झालं! आता तो कागदोपत्री पुणेकर. बहुतेक हॉस्टेलांत शहराच्या हद्दीत राहणाऱ्याला जागा देत नाहीत किंवा सगळ्यात शेवटी देतात, आणि ज्या योजनांत "स्थानिक रहिवासी नसावा" ही अट आहे तिथूनही बाहेर. आधारवर गावचाच पत्ता राहू द्या. काका लोकल गार्डियन म्हणून लिहायला आहेत.

फॉर्म भरायचं तसं सोपं आहे. प्रेफरन्समध्ये दोघांची खोली, तिघांची खोली असं विचारतात तिथे पोरं फिल्मी विचार करतात, दोघांची हवी. माझं मत तिघांची घ्या. दोघांत एकाशी पटलं नाही की वर्षभर भिंतीकडे तोंड करून झोपायचं, तिघांत कुणीतरी एक नेहमी बोलायला असतं, शिवाय स्वस्त. आजार, अ‍ॅलर्जी, दमा, फिट्स, काही असेल तर फॉर्ममध्ये लिहा, लपवू नका, खालच्या मजल्याची खोली मागायला तोच आधार असतो. लोकल गार्डियन म्हणून त्याचंच नाव द्या जो रात्री दोनला फोन उचलेल आणि गाडी काढून येईल, हुद्द्यावरच्या पाहुण्याचं नाही. आणि ज्याचं नाव टाकताय त्याला आधी विचारा हो, एकांनी माझं नाव न विचारता टाकलं होतं, रेक्टरबाईंचा फोन आला तेव्हा मला कळलं की मी कुणाचीतरी गार्डियन आहे.

सबमिट केल्यावर पावतीची प्रिंट, अ‍ॅप्लिकेशन आयडीचा स्क्रीनशॉट. ऑनलाइन भरलं तरी बऱ्याच ठिकाणी हार्डकॉपी ऑफिसला द्यावी लागते, ही ओळ सूचनांमध्ये अगदी खाली असते. आणि नोटीस रोज बघा. रोज म्हणजे रोज, वेबसाइटवर आणि शक्य असेल तर तिथल्या कुणाला सांगून बोर्डावर, कारण लिस्ट लागल्यावर फी भरायला कधी दोनच दिवस देतात.

बेटरमेंटला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. पुढच्या राउंडला कॉलेज बदलायची शक्यता असेल तर पहिल्या कॉलेजच्या हॉस्टेलची वर्षाची फी भरायच्या आधी रिफंडचा नियम विचारा आणि तो लेखी कुठे आहे ते दाखवा म्हणा. कॉलेजची फी कॅपच्या नियमाने हलते, हॉस्टेलच्या फीचं प्रत्येकाचं वेगळं असतं आणि डिपॉझिट परत येईल पण फी कापून, असे प्रकार होतात. "मिळतील की" असं तोंडी उत्तर आलं तर त्याचा अर्थ मिळणार नाहीत.

नंबर नाही लागला तर? वेटिंग लिस्टवर नाव असू द्या, नाव काढू नका. कॅपचे सगळे राउंड संपले की बरीच मुलं कॉलेज बदलून जातात आणि खोल्या रिकाम्या होतात, पण ते कुणी फोन करून कळवत नाही. दर आठवड्याला ऑफिसला जायचं, नम्रपणे विचारायचं, तोंड लक्षात राहील इतक्यांदा जायचं. मला दुसऱ्या वर्षी हॉस्टेल मिळालं ते असंच, तेव्हा क्लार्ककाका मला बघूनच म्हणायचे "नाही ग अजून." एक दिवस म्हणाले "आण पैसे." तोवरच्या काळासाठी खाजगी ठिकाणी वर्षाचं भाडं एकदम भरू नका, महिन्याचं ठरवा.

आता जागा बघायची कशी. सगळे दुपारी बारा-एकला जातात, आई-वडील, पोर, एखादा मामा. त्या वेळी हॉस्टेल रिकामं असतं, फरशी पुसलेली असते, रेक्टर गोड बोलतात, नळाला पाणी असतं. काही कळत नाही. जायचं असेल तर सकाळी सातला नाहीतर रात्री आठला जा. पुतणीसाठी आम्ही तीन हॉस्टेलं बघितली, रात्रीच्या गाडीने उतरून सरळ सकाळी पावणेसातला पहिल्याच्या दारात. जिन्यातच कळलं. बाथरूमबाहेर बादल्यांची रांग, प्रत्येक बादलीत मग आणि मगात टूथब्रश, म्हणजे बादली रांगेत आणि मालकीण झोपायला परत. एका मुलीला विचारलं गरम पाणी कधी असतं, ती म्हणाली, "सहा ते साडेसात, पण खरं म्हणजे सहा ते सहा-दहा." बास, अजून काय पाहिजे. चाळीस मुलींना तीन बाथरूम होती, मोजली आम्ही. दुसऱ्या ठिकाणी खोल्या लहान पण दर मजल्यावर आठ बाथरूम, वर सोलर, पावसाळ्यात चालायला म्हणून बॉयलर पण. तेच घेतलं.

गादी उचलून बघा. लाजू नका. कोपऱ्यात शिवणीजवळ काळे ठिपके दिसले म्हणजे ढेकूण, आणि ढेकूण एकदा पेटीतून घरी आले की आई तुम्हाला दिवाळीला घरात घेणार नाही. खिडकी उघडून बघा, काही खोल्यांच्या खिडक्या उघडतच नाहीत. चार्जिंगचे पॉइंट मोजा, माणशी एक तरी हवा. मोबाइलला रेंज खोलीत येते का की गच्चीत जावं लागतं. लोडशेडिंगला इन्व्हर्टर किती वेळ. जिन्याला दुसरी वाट आहे का आणि तिला कुलूप तर नाही ना, हे मी आता बघते, पूर्वी डोक्यातही येत नसे.

मुलींच्या हॉस्टेलला इन-टाइम विचारा. नियम असणारच, पण कॉलेज साडेपाचला सुटतं आणि गेट सातला बंद होतं तर लायब्ररी, प्रॅक्टिकल, प्रोजेक्ट कधी करायचं? उशीर झाला तर काय करतात, आउटपास कोण देतं, घरी जाताना पालकांचा फोन लागतो की मेसेज चालतो. आणि एसटी रात्री उशिरा पोचली तर गेट उघडतात का. शेवटचं महत्त्वाचं, आमच्याकडच्या गाड्या कधीच वेळेवर येत नाहीत.

मेसचं वेगळं सांगावं लागेल. तिथे जेवल्याशिवाय पैसे भरू नका, गेस्ट कूपन काढून एकदा रात्रीचं जेवा. रविवारी नाही, रविवारी फीस्ट असते, गुलाबजाम बघून माणूस फसतो. मंगळवारी-बुधवारी जा. पोळ्या मोजून देतात की पोटभर, डाळ ढवळल्याशिवाय देतात का, भाजी कालचीच रूप बदलून आलीय का, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर कधी साफ केला. मग खाड्याचा नियम विचारा. तुम्ही चार दिवस घरी गेलात तर त्या दिवसांचे पैसे कापून मिळतात का, किती दिवस सलग खाडा धरला तर, आधी किती दिवस वहीत लिहावं लागतं. समजा महिन्याचे ३,००० आहेत आणि तुम्ही महिन्याला आठ दिवस जेवत नाही, म्हणजे ८०० रुपये गेले, दहा महिन्यांचे ८,०००. एवढ्यात गावाकडच्या कितीतरी चकरा होतात. काही मेसमध्ये सलग तीन दिवसांच्या खाली खाडा धरतच नाहीत, मग शनिवार-रविवार गावी जाणाऱ्याला काहीच मिळत नाही.

पैशाचं आता. मुलींसाठी एक गैरसमज आधी काढते. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. हॉस्टेल आणि मेस यात नाही. "मुलींचं सगळं फुकट झालंय ना आता" असं म्हणत आलेले पालक हॉस्टेलच्या काउंटरवर गप्प होतात, मी बघितलंय.

पण राहण्या-जेवण्यासाठी वेगळ्या योजना आहेत आणि त्या माहीत नसल्याने माणसं कर्ज काढतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, ती सुरू झाली २०१६-१७ ला. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,०००, बाकीच्या महापालिकांच्या गावांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००, असे टप्पे आहेत, जेवण, राहणं, निर्वाह सगळं धरून थेट खात्यावर. आदिवासी मुलांसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, त्याचा फॉर्म शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर भरतात. प्रत्येकीच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा कारण जीआर बदलत राहतात. हजेरीची अट असते, स्वाधारला ७५ टक्के, म्हणजे लेक्चर बंक करताना मनात हिशोब ठेवा.

यात दोन ठिकाणी पोरं अडकतात. एक म्हणजे राहण्याचा पुरावा, खाजगी जागेत राहत असाल तर भाडेकरार किंवा हॉस्टेलचं पत्र आणि पावत्या लागतात, म्हणून वर म्हटलं की कॉट बेसिसवाल्याकडे काही मिळत नाही. दुसरं म्हणजे बँक खातं आधारशी लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, सीडेड असणं वेगळं. बँकेत जाऊन "एनपीसीआयला आधार सीडिंग झालंय का बघा" एवढंच वाक्य बोला, त्यांना कळतं. आणि पैसे उशिरा येतात. सप्टेंबरचे पुढच्या मार्चला, कधी त्याहून पुढे. पहिल्या सहा महिन्यांची सोय घरून करूनच ठेवा, या पैशावर मेसचा उधारखाता चालवू नका.

खाजगी हॉस्टेलवाले कधीकधी बिलात जीएसटी लावतात. १५ जुलै २०२४ पासून महिना माणशी २०,००० पर्यंतचं भाडं आणि सलग ९० दिवस किंवा जास्त राहणं असेल तर त्यावर जीएसटी नाही. पैसे भरायच्या आधी हे शांतपणे विचारा, मग बिल बदलतं. कधी भाडंच वाढतं म्हणा, पण विचारायचं. डिपॉझिटची पावती वेगळी घ्या, भाड्याच्या पावतीत मिसळून नको, आणि "ना परतावा" असं बारीक अक्षरात कुठे छापलंय का ते बघा.

रॅगिंगबद्दल पालक हळू आवाजात विचारतात, मी मोठ्याने सांगते. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि यूजीसीचे २००९ चे नियम देशभर लागू आहेत. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांचं अँटी रॅगिंगचं हमीपत्र ऑनलाइन भरायचं असतं, त्याचा नंबर हॉस्टेल ऑफिस मागतं, आदल्या रात्रीच भरून प्रिंट काढा. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, वहीत पण. सीनिअरने नाव-गाव विचारलं, चहा पाजला, ही ओळख झाली. रात्री बाराला खोलीत बोलावून उभं केलं, ही ओळख नाही. सगळ्यात आधी रेक्टरला आणि घरी, दोन्हीकडे सांगायचं.

खोली ताब्यात घ्यायच्या दिवशी सामान आत न्यायच्या आधी फोनवर व्हिडिओ काढा. पलंगाचा मोडलेला पाय, कपाटाची न लागणारी कडी, फुटलेली काच, भिंतीवरचा ओल्याचा डाग, पंख्याचा आवाजसुद्धा. त्या दिवशीच रेक्टरला पाठवा. वर्षाअखेरीला डिपॉझिट परत घेताना "ही काच तुम्हीच फोडली" म्हणतात तेव्हा हा व्हिडिओ कामाला येतो, माझे ५०० रुपये अशाच एका काचेत गेलेत जी माझ्या आधीपासून फुटलेली होती.

सामान कमी न्या. एक बादली, मग, दोन चादरी, पातळ रजई, चप्पल, दोरी (ही सगळे विसरतात, कपडे वाळत घालायला), एक्स्टेंशन बोर्ड जर चालत असेल तर, हिटर आणि इंडक्शन बहुतेक ठिकाणी जप्त होतात तर नेऊच नका. आईने दिलेला चिवडा पहिल्या रात्रीच संपतो, त्याची चिंता करू नका. कुलूप स्वतःचं न्या, चांगलं, दोन किल्ल्यांचं, आणि दुसरी किल्ली रूममेटकडे द्या. माझी दुसरी किल्ली आईने जपून ठेवली होती, उदगीरला, देवघरात. पहिल्या आठवड्यात मी पहिली हरवली.